कुंपणापाशी बोललेला शब्द

डोरकास गेल्याचं मला डोंगरावरून कळलं.

मी वरच्या बागेत रताळी काढत होतो. दवाखान्यातला भात आणि डब्यातले मासे तिला जात नव्हते. लाल रताळं निखाऱ्यात भाजून आण, असं ती आदल्या संध्याकाळी म्हणाली होती, म्हणून मी पहिल्याच ट्रकनं वर आलो होतो. पलीकडच्या धारेवरून हाळी आली. आमच्या सिम्बूच्या डोंगरात मरणाची बातमी अशीच येते. एका धारेवरचा माणूस ओरडतो, दुसऱ्या धारेवरचा ते ऐकून पुढे ओरडतो. बाई गेली असेल तर आधी नवऱ्याचं नाव घेतात. माझं नाव ऐकलं आणि मी हातातली खणायची काठी खाली ठेवली. मग तिचं नाव आलं.

रताळ्यांची पिशवी तिथेच टाकून मी उतरायला लागलो. थोडं खाली आल्यावर परत वर गेलो आणि पिशवी घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही.

डोरकासनं मला दोन कामं सांगितली होती. रताळं आणायचं आणि वेनाला आणायचं.

वेना आमच्या शेजारची विधवा. तिची बाग आणि आमची बाग यांच्यामध्ये एकच कुंपण. दोघी नदीपलीकडच्या. एकाच वर्षी लग्न होऊन इथे आल्या, ख्रिस्ती देवळात बायकांच्या बाजूला एकाच चटईवर बसायच्या. गेल्या महिन्यात वेनाच्या डुकरानं कुंपण तोडलं आणि डोरकासचा सगळा वाफा उकरून टाकला. डोरकास कुंपणापाशी उभी राहिली आणि बाजारातून परतणाऱ्या बायांसमोर वेनाला म्हणाली, "चेटकीण. नवऱ्याला खाल्लंस, आता माझी बाग खा."

डोरकास अशी बोलणारी नव्हती. राग आला की ती काठी उचलून बागेत जायची आणि जे बोलायचं ते रताळ्याच्या वेलांना बोलून यायची. मी चेष्टा करायचो, "आज वेलांना काय काय ऐकवलंस?" ती म्हणायची, "सगळं. उरलं तेवढं तुझ्यासाठी आणलंय." आणि जे उरलेलं असायचं ते ऐकून घेता यायचं. देवाच्या समोर उभं राहून परत म्हणता येईल तेवढंच बोलावं, असं ती म्हणायची. पण त्या दिवशी ती बागेतच उभी होती आणि वेना समोर होती.

आमच्याकडे तो शब्द शिवी नाही. त्या शब्दावर बायका जाळल्या आहेत.

दवाखान्यात ताप चढला तेव्हा तिला तेच खात होतं. दिवसभर "वेना, वेना" चाललेलं. शेवटी थोडी शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, "मी खोटं बोलले. राग डुकराचा होता. तिला घेऊन ये. मला तो शब्द परत घ्यायचाय, तिच्या तोंडावर." मी म्हटलं, उद्या आणतो. सकाळी वेनाच्या घरावरून गेलो तेव्हा ती पाण्याला गेली होती. उतरताना घेऊ म्हटलं.

उतरताना तिच्या घराच्या जागी धूर होता.

छपराचं गवत जळून गेलं होतं आणि खांब उभे जळत होते. डुक्कर दाराशीच कोयत्यानं तोडून टाकलेलं. मी पळत खाली आमच्या अंगणात आलो. तोवर ट्रकमधून डोरकासला आणलं होतं. मांडवात केळीच्या पानांवर तिला ठेवलेलं, भोवती बाया रडत होत्या, काही दगडानं आपलंच कपाळ फोडून घेत होत्या. तिच्या माहेरची माणसं अंगाला चिखल फासून आली होती. ती माझी कॉफीची झाडं तोडत होती. तो त्यांचा हक्क आहे. बहीण दिली होती आणि प्रेत परत मिळालं.

तिचा भाऊ काउपा पुढे आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. त्यानं दांड्यानं माझ्या खांद्यावर मारलं. मी पडलो, त्यानं परत मारलं.

"दाजी, बहीण दिली होती आम्ही. धडधाकट दिली होती. काय केलंस तिचं?"

"ताप आला, काउपा."

"ताप सगळ्यांना येतो. तुला नाही कधी आला तो मेला."

त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला तो मारत होता. मला मारलं ते बरंच वाटलं मला. पण मग मला मांडवाच्या मागे वेना दिसली.

तिला सुरूच्या झाडाला बांधलं होतं, हात मागे. कपडे फाडलेले. चेहरा इतका सुजलेला की मी तिला कमरेला उरलेल्या कापडावरून ओळखलं. समोर जाळ पेटवलेला आणि जाळात ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी तापत ठेवलेली. आमच्याच कुळातला निमे तिथे उकिडवा बसून पट्टी फिरवत होता, कणीस भाजावं तशी. कॉफीच्या कारखान्यात काम करणारा पोरगा. गेल्या नाताळात देवळात गिटार वाजवली होती त्यानं.

झालं होतं असं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक बाई होती. ती ट्रकमध्ये म्हणाली की डोरकास दिवसभर कुणा वेनाला हाका मारत होती. एवढं पुरे झालं. मरणारा माणूस ज्याचं नाव घेतो त्यानंच त्याचं काळीज खाल्लेलं असतं, असं आमच्याकडे मानतात. बाप्तिस्मा घेतलेलेही मानतात. बाजारातून परतणाऱ्या बायांना कुंपणापाशीचं भांडण आठवलं. दोन गोष्टी जुळल्या.

"कबूल कर," निमे तिला म्हणत होता. "काळीज कुठे ठेवलंयस सांग. परत ठेव म्हणजे उठेल ती."

वेना म्हणाली, "निमे, तुझी नाळ मी कापली रे."

त्यानं पट्टी तिच्या मांडीला लावली. तिची किंकाळी ऐकून रडणाऱ्या बाया क्षणभर गप्प झाल्या आणि मग जास्तच मोठ्यानं रडायला लागल्या.

तेवढ्यात आमच्या देवळातले पाळक आले. ते किनाऱ्याकडचे, लाए शहराच्या बाजूचे. भला माणूस. डोरकासच्या उशाशी रात्र रात्र बसलेले. गर्दीतून वाट काढत ते वेनाच्या पुढे जाऊन उभे राहिले, हात पसरून. हिंमत होती त्यांच्यात. पण ते संतापले होते, आणि संतापात त्यांच्या तोंडून निघालं, "तुम्ही जनावरं आहात. तुमच्या आजोबांनी माणसं खाल्ली आणि तुम्हीही तेच आहात. देव तुमच्यावर थुंकेल."

मी तिथेच जमिनीवर होतो. तो शब्द लोकांच्या अंगातून जाताना मला दिसला.

काउपा हसला. "आमच्या आजोबांचं नाव काढलं पाळकानं. किनाऱ्यावरचा माणूस, मासे खाऊन जगणारा. तुमच्याकडे चेटकिणी नसतात का रे? का माशांनाच खातात त्या?"

लोक हसले. मग पहिला दगड आला. पाळकांचा ओठ फाटला, दात खाली पडला. दुसरा दगड कानावर बसला. देवळातल्याच दोघांनी त्यांना ओढून कुंपणाबाहेर नेलं, नाहीतर तिथेच संपले असते. आणि त्यांच्यावरचा राग उरला तो निमेनं वेनावर काढला. या वेळी पट्टी पोटाला लावली आणि उचलली नाही. जळल्या मांसाचा वास मांडवात आला. डोरकास तिथेच होती, डोळे मिटलेली.

आमच्या कुळातला म्हातारा केरेंगा काठी टेकत माझ्याजवळ आला. खाली वाकून म्हणाला, "सिउने, माती फास. तुला बोलावं लागणार."

"मी काय बोलू, बाबा? मला बोलता येत नाही."

"माहीत आहे. तुझ्या लग्नात मीच बोललो होतो तुझ्या वतीनं. इथे नाही बोलता येणार मला. तिचं तोंड तू आहेस."

ही आमची रीत आहे. बायको मातीत जाईपर्यंत तिचं तोंड नवऱ्याकडे असतं. तो पांढरी माती अंगभर फासून उभा राहिला की सगळ्यांनी खाली बसायचं, हातातलं हत्यार जमिनीला लावायचं. तो जे बोलेल ते तिचं बोलणं. त्यानं नाव घेतलं तर ते नाव तिनं घेतलं, आणि मग पुढे जे होतं त्याला कुणी विचारत नाही. म्हणूनच निमेनं वेनाला अजून जाळात टाकलं नव्हतं. ते माझी वाट बघत होते.

मडक्यात माती कालवलेली होती. मी अंगाला लावायला लागलो. तिनं नाव घेतलंच नाही म्हणालो असतो तर ते खोटं होतं, आणि त्या बाईनं ऐकलं होतं. घेतलं म्हणालो असतो आणि गप्प बसलो असतो तर ते खरं होतं, आणि वेना जळाली असती. देवाचं नाव काढलं असतं तर पाळकांसारखा दगड मलाही बसला असता, आणि तिला पट्टी. एकच वाट होती. डोरकास कुंपणापाशी खोटं बोलली होती हे तिच्या भावांसमोर, तिच्या प्रेताशेजारी उभं राहून सांगायचं. मेलेल्या बाईला खोटारडी म्हणणारा नवरा आमच्याकडे मांडवातून चालत बाहेर जात नाही. आणि मला स्वतःलाही ते नको होतं. लोकांनी तिला चांगलं म्हणावं एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

माती लावून झाली तरी मी केळीच्या झाडांकडे तोंड करून उभा राहिलो. निमेला जे म्हणायचं होतं ते मनात म्हटलं. काउपाला म्हटलं. त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हटलं. फार घाण होतं ते. देवालाही म्हटलं थोडं. मग वळलो.

लोक बसले. कुऱ्हाडी, कोयते जमिनीला लागले. निमेनं पट्टी जाळात सरकवली आणि बसला.

काउपा बसल्या बसल्या म्हणाला, "नाव सांग, दाजी. लांबण नको लावू."

"सांगतो. तिनं वेनाचं नाव घेतलं."

गर्दीतून आवाज उठला. निमे पट्टीला फडकं गुंडाळत उठला. झाडाला बांधलेल्या वेनाची मान छातीवर पडली.

"बस," मी म्हणालो. "मी मातीत आहे. बस खाली."

केरेंगानं काठी आपटली. निमे बसला.

"का घेतलं ते सांगतो. वेनाच्या डुकरानं आमचा वाफा उकरला. तेव्हा कुंपणापाशी तिनं वेनाला चेटकीण म्हटलं. तुमच्यातल्या काही जणींनी ऐकलं ते. मार्ता, तू होतीस."

मार्ता नावाची बाई मागे बसली होती. ती खाली बघत म्हणाली, "होते."

"तो शब्द खोटा होता. डोरकास खोटं बोलली."

काउपा उभा राहिला. "काय म्हणालास?"

"खोटं बोलली. राग डुकराचा होता. तिनंच मला सांगितलं. वेनाला बोलाव, मला शब्द परत घ्यायचाय, म्हणून हाका मारत होती ती."

"माझी बहीण इथे झोपलीय आणि तू तिला खोटारडी म्हणतोस? माझ्या आईच्या पोटची बहीण?"

"बस, काउपा."

"तू काय दिलंस रे तिला? तुझ्या घरात पाणी वाहून तिची पाठ मोडली. आता मेल्यावर तिच्या नावावर हगतोस, त्या थेरडीसाठी?"

"तुझी बहीण चांगली होती. म्हणून तर तिला तो शब्द सहन होत नव्हता."

त्यानं शेजारच्याचा कोयता उचलला. मातीतल्या नवऱ्यासमोर हत्यार उचलत नाहीत, पण त्यानं उचललं आणि कुणी अडवलं नाही. मी हात वर केला. पहिला वार कोपराखाली बसला. हाड दिसलं, मग रक्तानं झाकलं गेलं. अंगावरची पांढरी माती लाल व्हायला लागली. मी गुडघ्यावर बसलो. दुसरा वार खांद्यावर, जिथे आधी दांडा बसला होता तिथेच. मला वाटलं, आता हा थांबणार नाही, आणि माझं काम राहील.

म्हणून मी ती होऊन बोललो. ते आधी ठरवलेलं नव्हतं. आमच्याकडे मातीतला नवरा तसं बोलू शकतो, पण फार थोडे बोलतात. म्हातारे घाबरतात त्याला.

"काउपा, मी डोरकास बोलतेय," मी म्हणालो. "मी वेनाला चेटकीण म्हटलं. मी खोटं बोलले. मी तो शब्द परत घेते. हे माझ्या देवासमोर बोलतेय, तुझ्यासमोर बोलतेय. भाऊ, कोयता ठेव."

काउपाचा हात वर होता. तो तसाच राहिला. तिसरा वार केला असता तर तो बहिणीवर पडला असता, त्याच्या हिशेबानं, आणि तिथल्या सगळ्यांच्या हिशेबानं. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू माझ्या तोंडात ती कुठे दिसतेय का ते शोधत होता. मग त्यानं कोयता टाकला, पानांवर जाऊन तिच्या पायाशी पडला आणि लहान मुलासारखं रडला.

निमे म्हणाला, "आणि मग काळीज कुणी खाल्लं?"

केरेंगा म्हणाला, "गप्प बस, नालायका. बाईनं शब्द परत घेतला. ऐकलं नाहीस का?"

"मी फक्त विचारतोय, बाबा."

"तुझ्या विचारण्यानं बघ काय झालंय. ती पट्टी दे इकडे."

निमेनं पट्टी दिली नाही, जाळातच सोडून तो मागे सरकला आणि गर्दीत मिसळला. त्याच्याबरोबर चार-पाच पोरं निघून गेली. मग मार्ता उठली आणि वेनाच्या दोऱ्या सोडायला गेली. गाठी रक्तानं घट्ट झाल्या होत्या. तिनं त्या दातांनी सोडवल्या. दुसऱ्या दोघी उठल्या. त्यांनी वेनाला खाली उतरवलं आणि तिच्या जळालेल्या पोटावर केळीचं पान ठेवलं. ती शुद्धीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी डोरकासला माती दिली. फाटक्या ओठांनी पाळकांनी प्रार्थना केली. प्रार्थनेनंतर ते लोकांना म्हणाले, "मी काल जे बोललो ते मी बोलायला नको होतं." एवढंच म्हणाले. ज्यांनी दगड मारले होते त्यांच्यातलं कुणीच तसं काही म्हणालं नाही. पोलीस नंतर आले, पट्टी घेऊन गेले, निमेला नेलं. तो दोन आठवड्यांत परत आला. आता रस्त्यात भेटला की मान वळवतो.

माझा हात बरा झाला, पण दोन बोटं मिटत नाहीत. खणायला डाव्या हातानं शिकलो. काउपा येत नाही. त्यानं त्याच्या बायकोच्या हातून एक कोंबडा पाठवला, निरोप नाही. मी कोंबडा ठेवला, कापला नाही. त्यानं स्वतः यावं, मग दोघांनी मिळून खाऊ.

वेना जगली. तिचा भाऊ तिला दाराच्या फळीवर घालून नदीपलीकडे घेऊन गेला. जखमा भरल्याचं मार्ता सांगते. नीट चालता येत नाही. तिच्या घराच्या खांबांवर आता वेल चढलेत. मी आणि देवळातल्या काही माणसांनी नवे खांब तोडून आणले, पण पुरायला तिनं यायला हवं. घर कुठल्या बाजूला तोंड करून हवं ते तिनं सांगायला हवं.

मी चारदा नदी ओलांडून गेलो. अंगणात उभा राहून हाक मारली की आतून दार लागतं. तिसऱ्या वेळी तिचा भाऊ बाहेर आला. जुना ओळखीचा माणूस. चहा घे म्हणाला, पण बाहेरच.

"ती का येत नाही?" मी विचारलं.

"तुझा आवाज आला की ती थरथरते, सिउने."

"मी तिच्यासाठी बोललो. तुला सांगितलंय ना लोकांनी?"

"मला सांगितलंय. तिलाही सांगितलंय. पण तिनं कानानं काय ऐकलं ते वेगळं आहे. झाडाला बांधलेली असताना तू उभा राहिलास आणि म्हणालास, तिनं वेनाचं नाव घेतलं. तेवढं ऐकलं आणि शुद्ध गेली. पुढचं तिनं ऐकलंच नाही. झोपेतही तेच बोलते."

मी चहा प्यायलो. मग म्हटलं, "डोरकासचा निरोप आहे तिला."

"मला सांग. मी देतो."

सोपं होतं ते. पण डोरकास तोंडावर म्हणाली होती. मी म्हणालो, "नको. मीच देईन."

"मग थांबावं लागेल तुला."

"थांबतो."

येताना मी पिशवीतली लाल रताळी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. त्या दिवशी डोरकाससाठी काढली होती त्याच वेलाची, नव्या लागवडीची. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा रताळी तिथेच होती, कोंब फुटलेली.

कुंपण मी दुरुस्त केलं नाही. डुक्कर राहिलं नाही, वाफाही रिकामा आहे. तिथे उभं राहिलं की नदीपलीकडचं घर दिसतं. डोरकासचा निरोप अजून वेनाला द्यायचा राहिला आहे.